मढ्यावरचा टॉवेल

पोलीस पाटील म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर आधी मिशा येतात. मला मिशा नाहीत, घोडा नाही, काठीही नाही. माझ्याकडे प्रांत ऑफिसच्या शिक्क्याचं एक ओळखपत्र आहे. त्यावर माझा घाबरलेला फोटो आहे आणि तो फोटो खोटा नाही. मी जन्माची काळजीखोर. मोखाड्याच्या रस्त्याला जीप वळणावर जरा जास्त झुकली तरी मी शेजारणीचा दंड धरते. असल्या बाईने गावची शांतता सांभाळायची, हे माझ्या नवऱ्याला अजूनही गमतीचं वाटतं. चिडवायचं असलं की तो मला ‘साहेब’ म्हणतो आणि वर चहा मागतो.

आमचा पाडा खोडाळ्याच्या वरच्या अंगाला, चढणीच्या शेवटी. माझं माहेर आणि सासर याच पाड्यात, मध्ये फक्त चार घरं. पोलीस पाटलाची जागा बाईसाठी राखीव निघाली तेव्हा बारावी झालेली बाई पाड्यात मी एकटीच होते. जव्हारला जाऊन परीक्षा दिली, मुलाखत दिली आणि पाटील झाले. पूर्वी हे पद बापाकडून लेकाकडे जायचं, ते आमच्यासारख्यांच्या वाट्याला कधी आलंच नसतं. त्यामुळे पहिले काही दिवस मी जरा ताठ चालत होते, हे कबूल करते.

नेमणुकीनंतर जव्हारला एका दिवसाचं प्रशिक्षण होतं. सकाळभर कुठलं रजिस्टर कसं भरायचं ते सांगितलं. जेवणानंतर, सगळ्यांचे डोळे मिटायला लागलेले असताना, एक निवृत्त अधिकारी बोलायला उभे राहिले. पोलीस ही गोष्ट मुळात आली कुठून, हे ते सांगत होते. दोनशे वर्षांपूर्वी लंडन शहरात सरकारने नव्या तऱ्हेचे पोलीस नेमले. त्यांच्या हाती बंदूक नव्हती. गुन्हा झाल्यावर धावण्यापेक्षा तो होऊच न देणं हे त्यांचं पहिलं काम. लोकांची संमती नसेल तर पोलिसाच्या अंगात काडीचं बळ नाही, हे त्यामागचं मुख्य तत्त्व. आणि पोलीस म्हणजे कोणी वेगळा नव्हे. जे काम खरं तर प्रत्येकाचंच आहे, ते पूर्णवेळ करायला नेमलेला आपल्यातलाच माणूस. हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

मग काय वाटलं कोण जाणे, मी हात वर केला. म्हटलं, “साहेब, मग आमच्याकडे खाकी दिसली की माणसं रानात का पळतात?”

सगळे हसले. ते अधिकारी हसले नाहीत. म्हणाले, “कारण त्याच इंग्रजांनी इकडे दुसरेच पोलीस आणले. तिकडचा पोलीस लोकांनी मान्य केलेला, इकडचा लोकांवर बसवलेला. अठराशे सत्तावन्नच्या उठावानंतर त्यांना इथे विश्वास नको होता, दरारा हवा होता. राज्य गेलं, दरारा राहिला. तो लोकांच्या पोटातून काढणं हे आता तुमचं काम.” एवढं बोलून ते खाली बसले आणि चहा आला. आमचं काम! मला माझ्याच पोटातली भीती निघत नव्हती, मी लोकांची काय काढणार होते?

त्यानंतरच्या वर्षीची गोष्ट. भात पिवळं पडायला लागलं होतं, डोंगरउताराच्या वरकस जमिनीत नागली, म्हणजे नाचणी, उभी होती आणि ओहळांना अजून भरपूर पाणी होतं. मी अंगणात उडीद निवडत बसले होते. दुपारच्या वेळी मामी आली आणि कुंपणाबाहेरच उभी राहिली. ही माझी सख्खी मामी नव्हे, पण पाड्यात सगळेच कुणाचे ना कुणाचे कोणीतरी लागतात. तिचा नवरा, म्हणजे मामा, खेकडे धरायला ओहळाकडे गेला होता.

“आत ये ना,” मी म्हटलं.

“आत नाय येत. त्याचा मढ्याला हात लागलाय, घराला विटाळ हाय.”

मामाला ओहळात एक मेलेला माणूस सापडला होता. अनोळखी. दोन दगडांच्या मध्ये पालथा अडकलेला. मामाने त्याला पाण्याबाहेर ओढलं, वर कोरड्यावर निजवलं, आणि घरी येऊन आंघोळ केली, अंगावरचे कपडे धुतले. मामीलाही त्याने हे लांबूनच सांगितलं होतं.

पोलीस पाटलाने अशी खबर ताबडतोब द्यायची असते. फोनला रेंज फक्त शाळेमागच्या मोठ्या दगडावर मिळते. मी चप्पल न घालताच धावले, दगडावर चढले, मोखाड्याच्या ठाण्याला फोन लावला. रेंज अशी की ओरडल्याशिवाय पलीकडे ऐकू जात नाही. मढं कुणी बघितलं, असं तिकडून विचारलं. मी ओरडून मामाचं पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट. वर ओरडूनच विचारलं, “त्याला ठाण्यात आणायला लागेल का?”

शाळा नुकतीच सुटली होती. दगडाखाली निम्मा पाडा उभा होता.

मी खाली उतरेपर्यंत बातमी सगळीकडे गेली होती, की पाटलीणबाईने मामाचं नाव पोलिसांना दिलं, आता त्याला नेणार. मामाच्या घरी गेले तर मामा नव्हता. कुंपणावर त्याचा ओला शर्ट तेवढा वाळत होता. त्या क्षणी मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. इतकी वर्षं याच पाड्यात काढून मला एवढं कळू नये?

मामाच्या बापाची गोष्ट मला ठाऊक नव्हती असं नाही. तो म्हातारा तरुण असताना कुठल्याशा भांडणाचा साक्षीदार म्हणून सहीपुरता गेला होता. कुठल्या ठाण्यात, ते आता कोणालाच सांगता येत नाही. तो आठ दिवसांनी परत आला, आणि काय झालं ते त्याने मरेपर्यंत सांगितलं नाही. न सांगितल्यामुळे प्रत्येकाने आपापल्या मनाने काय ते धरून ठेवलं होतं.

तासाभराने ठाण्यातून फौजदार साहेब आले, सोबत एक हवालदार. फौजदार घाटावरचे, वयाने तिशीच्या आतले, बदली होऊन दोन महिनेही झाले नव्हते. हवालदार मात्र या डोंगरात मुरलेले. मी त्यांना ओहळावर घेऊन गेले, पाड्यातली दोन माणसं पंच म्हणून मागून आली.

मढं नीट निजवलेलं होतं. अंगावर लाल चौकडीचा टॉवेल, तो उडू नये म्हणून चारी बाजूंना दगड. पायांवर सागाची पानं. उशाला नागलीच्या भाकरीचा तुकडा, आणि त्याच्याजवळ अर्धी जळालेली बिडी. मला ते बघून बरंच वाटलं. कोणाचा कोण तो माणूस, पण त्याचं जेवढं करता येईल तेवढं मामाने केलं होतं. आमच्यात मढं उघडं टाकून कोणी पुढे जात नाही. अंगावरचं काय असेल ते त्याच्यावर घालायचं आणि ते परत घ्यायचं नाही. वाटेला लागलेल्याला शिदोरी द्यायची, आणि बापय, म्हणजे पुरुष, असला तर बिडी पेटवून ठेवायची.

फौजदारांना तिथे वेगळंच दिसत होतं. ते उकिडवे बसून बघत होते आणि बोटांवर मोजत होते. मढ्याच्या डोक्याला जखम. मढं मूळ जागेवरून हलवलेलं. बाजूला कोणीतरी भाकर खाल्लेली, बिडी ओढलेली.

“दोघं इथे बसले होते,” ते म्हणाले. “खाल्लं, ओढलं, मग काहीतरी बिनसलं. हा टॉवेल कोणाचा?”

मी गप्प राहिले असते तर? ही शंका तेव्हाही आली आणि अजूनही येते. पण माझं काम काय होतं? खरं सांगितलं तर मामा अडकतो आणि लपवलं तर आणखीनच अडकतो. मी सांगितलं. मग एका दमात सगळंच सांगितलं, भाकर कशाला, बिडी कशाला, टॉवेल कशाला, घरी जाऊन आंघोळ कशाला. बोलताना माझाच आवाज मला खोटा वाटायला लागला. जे आपण लहानपणापासून बघत आलो ते दुसऱ्याला पटवून द्यायला लागलं की असंच होतं.

“बरं,” फौजदार म्हणाले. “मग तो आहे कुठे?”

“घरी नाही.”

“घरी नाही. आंघोळ केली, कपडे धुतले, आणि घरी नाही.” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जमिनीकडे बघायला लागले. “पाटीलबाई, उद्या दुपारी बारापर्यंत त्याला ठाण्यात आणा. नाहीतर मला माणसं घेऊन वर यावं लागेल, आणि मग तो साक्षीदार राहणार नाही.”

मढं शवविच्छेदनाला जव्हारला गेलं. हवालदार जाताना हळूच म्हणाले, “आणाच बाई त्याला. साहेब वाईट नाहीत, पण नवीन आहेत.”

सकाळी उजाडताच मी घरोघर फिरले. मामा कुठे आहे ते पाड्यात सगळ्यांना माहीत होतं, आणि मला सांगायला कोणीच तयार नव्हतं. माझ्या चुलतीने, जिच्या मांडीवर मी वाढले तिने, मला बघून जात्याशी काहीतरी काम काढलं. एकाने मला ‘पाटलीणबाई’ म्हटलं. कालपर्यंत मी ‘बाय’ होते. बारा वाजणार, गाड्या वर येणार, पोरंबाळं पळणार, कोणीतरी दगड मारणार, कोणीतरी काठी उचलणार, आणि हे सगळं माझ्या एका फोनमुळे. मी चिडून भर रस्त्यात उभी राहिले आणि ओरडले, “मी काय तेला विकायला नेतेय काय?”

शेवटी मामीच बाहेर आली. मला वाटलं शिव्या घालेल. ती एवढंच म्हणाली, “तू तेला नेशील तर तूच आणायचा. तेवढा बोल.”

“आणते,” मी म्हटलं. काय बोलले ते कळायच्या आत बोलून बसले.

तिने हात वर केला आणि डोंगराच्या बाजूला दाखवलं.

मामा नागलीच्या वावरातल्या माळ्यावर बसला होता, पाखरं हाकायला बसतात तिथे. मला येताना बघून तो उतरला नाही, पळालाही नाही. मी खाली उभी, तो वर.

“मामा, जबाब द्यायचा नुसता. तू बघितलास ते सांगायचा.”

“माझा बापूस पण नुसताच गेलेला.”

“ते दिवस गेले.”

“तुला काय ठावं?”

खरंच, मला काय ठाऊक होतं? वहीत दोन रेघा मारलेलं एक वाक्य होतं माझ्याकडे. ते मी माळ्यावर बसलेल्या माणसाला कसं सांगणार होते, की मामा, लंडनमध्ये असं ठरलं होतं, की पोलिसाचं काम ते सगळ्यांचंच काम, आणि तू काल तेच केलंस? त्याने ऐकून घेतलं असतं आणि तो म्हणाला असता, मग मना का बोलावतात?

“मी काय केला बाय?” तो म्हणाला. “मढा झाकला. उघडा कसा टाकू? माणूस होता ना तो.”

“म्हणूनच तर चल.”

तो माळ्याच्या कडेला सरकला. मग म्हणाला, “एक सांग. तू त्यांची का आमची?”

“दोघांची,” मी म्हटलं. माझ्या मते ते खरं होतं. पण त्याच्या तोंडावर जे आलं ते बघून मला कळलं की हे उत्तर त्याच्या काही कामाचं नाही. मग मी दुसरं बोलले. “मी तुझ्यासंगं बसंन. तू उठशील तेव्हाच मी उठंन. तुला ठेवला तर मना पण ठेवतील.”

हे मात्र त्याला समजलं. तो उतरला, पाखरं हाकायला वाजवायचा डबा माळ्याच्या खांबाला अडकवला आणि माझ्या पुढे चालायला लागला. जीपमध्ये आम्ही शेजारी बसलो. मी सारखी घड्याळात बघत होते, आणि तो माझ्या घड्याळाकडे.

आम्ही पोचलो तेव्हा बाराला दहा मिनिटं होती. फौजदारांनी मामाला आत बोलावलं आणि मला म्हणाले, “तुम्ही बाहेर थांबा.”

मी आयुष्यात कधी साहेबाला ‘नाही’ म्हटलेलं नाही. शाळेतल्या गुरुजींनासुद्धा नाही. पण मी म्हटलं, “नाही साहेब. मी त्याला बोललेय, बाजूला बसेन म्हणून.”

“नियमात बसत नाही असं काही.”

“मग मला पण ठेवा.”

त्यांना राग आला असणार, कान लाल झाले होते. हवालदारांनी काही न बोलता एक खुर्ची आणून मामाच्या खुर्चीशेजारी ठेवली. मी बसले. फौजदारांनी कागद पुढे ओढला.

जबाब चालू झाला. मामाला पुस्तकी मराठी नीट येत नाही आणि घाबरल्यावर येते तेवढीही जाते. मी मध्ये बोलायला तोंड उघडलं तर फौजदारांनी हात वर केला. “त्याला बोलू द्या.”

“बिडी कोणी ओढली?”

“मी पेटवली. तेला ठेवली.”

“कोणाला?”

“तेला. मेल्याला.”

“मेलेला माणूस बिडी ओढतो?”

मामाने त्यांच्याकडे असं बघितलं, जणू यांना एवढंही कळत नाही. “वाटेला लागला ना तो. एकलाच होता. संगं कोण नाय, काय नाय.”

फौजदारांचं पेन थांबलं. मग त्यांनी ते वाक्य लिहून घेतलं, आणि बरोबर लिहिलंय ना, म्हणून मोठ्याने वाचून दाखवलं.

चार वाजता जव्हारहून फोन आला. फुप्फुसात पाणी, डोक्याला दगडावर आपटल्याची जखम, कोणाचा हात लागलेला दिसत नाही. फौजदारांनी मामाला उठायला सांगितलं. मामा उठला, मग मी उठले. आम्ही जीपने परत आलो, आणि मामी कुंपणापाशी उभी होती तिच्यासमोर मी त्याला उभं केलं. माझा जीव भांड्यात पडला. घरी जाऊन मी इतकी रडले की नवरा चिडवायचंही विसरला.

इथवरची गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे. ठाण्यातल्या एका बैठकीत फौजदारांनीही ती सांगितली आणि सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं. मढ्याची ओळखही पटली. मोखाड्याकडून नाशिकच्या बाजूला नातेवाइकांकडे पायी निघालेला मजूर होता, ओहळ ओलांडताना पाय घसरला. त्याचा भाऊ पाड्यात येऊन मामाच्या पाया पडला, मामाला अवघडल्यासारखं झालं. पुढे कागद पुरे करायला मामाला आणखी तीनदा मोखाड्याला जावं लागलं, दरवेळी मी सोबत. कोणी त्याला वाकडा शब्द बोललं नाही. चहासुद्धा दिला. मला वाटलं, त्या निवृत्त साहेबांनी सांगितलेलं काम थोडं तरी झालं.

भात झोडून झाल्यावर एकदा मामा सकाळी माझ्या अंगणात आला. इकडचं तिकडचं बोलला, नागली किती झाली, खोडाळ्याच्या बाजारात काय चाललंय. मग जाताना सहज म्हणाला, “परवा खालच्या वाटेला एक माणूस पडलेला. आडवा.”

“कोण?”

“नाय ठावं. तोंड पलीकडं होता. पिऊन पडला असंल.”

“मग तू काय केलंस?”

“वाट बदलली.”

मी उठून तशीच धावत सुटले. मामा मागून आला, जागा दाखवली. वाळलेलं गवत माणसाएवढं दबलेलं होतं आणि तिथे कोणी नव्हतं. रक्त नाही, चप्पल नाही, काही नाही. उठून गेला असेल. कोणी नेलं असेल. मी ओहळापर्यंत जाऊन दोन्ही काठ बघितले. नंतर ठाण्यात विचारलं, आरोग्य केंद्रात विचारलं. कोणी हरवल्याची खबर कुठूनच नव्हती. तो माणूस कोण होता, जगला की नाही, मला आजतागायत कळलेलं नाही.

पण त्या सकाळी, त्या दबलेल्या गवतापाशी, मी मामावर ओरडले. इतक्या मोठ्या माणसावर मी कधी ओरडले नव्हते. “जवळ जाऊन बघायचास तरी! श्वास चालू हाय का नाय, एवढा तरी!”

मामा रागावला नाही. माझी समजूत काढत असल्यासारखा हळू बोलला.

“बघितला असता बाय, तर मग तुला सांगावा लागला असता.”

त्याने सांगितलं असतं, तर मी त्याचं नाव ठाण्याला कळवलंच असतं.